मुकें झालेलें कॅसेट-यंत्र



जुनीं कागदपत्रें जपण्याची विद्या धुळें शहराला नवी नाहीं. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ह्यांनीं ३१ डिसेंबर १९२६ रोजीं ह्याच गांवीं देह ठेवला, आणि त्यांच्या मागें त्यांच्या दप्तरांसाठीं येथें संशोधन मंदिर उभें राहिलें. शंकर श्रीकृष्ण देव ह्यांनीं मठामठांतून हिंडून मिळविलेलीं रामदासी बाडेंहि ह्याच शहरांत वाग्देवता मंदिरांत सांभाळलेलीं आहेत. कागदाला वाळवी लागते, शाई उडते. परंतु कागद वाचावयाला डोळे पुरतात. आज ज्या बाडाविषयीं मी बोलणार आहें, तें नुसत्या डोळ्यांनीं वाचतां येत नाहीं. त्यासाठीं एक यंत्र लागतें, आणि तें यंत्र बहुतेक घरांतून आतां माळ्यावर मुकें होऊन पडलेलें आहे. मी कॅसेटविषयीं आणि ती वाजविणाऱ्या डेकविषयीं बोलतों आहें.

आरंभीं माझा अधिकार किती, हें सांगून टाकावें हें बरें. मी व्यवसायानें मास्तर. मॅट्रिक झाल्यावर अध्यापनाचा अभ्यासक्रम पुरा करून प्राथमिक शाळेंत शिकवीत राहिलों आणि यथाकाल निवृत्त झालों. यंत्रशास्त्राची पदवी माझ्याजवळ नाहीं. परंतु शाळेंतील टेपरेकॉर्डर बंद पडला कीं तो उघडण्याचें काम माझ्याकडे येई, आणि त्या निमित्तानें लागलेला छंद निवृत्तीनंतर अर्धा दिवस खाऊं लागला आहे. तेव्हां आजचें भाषण हें शास्त्रज्ञाचें नव्हे. हात काळे करणाऱ्या माणसाचें आहे, एवढें ध्यानांत असूं द्यावें.

चुंबकाच्या साह्यानें ध्वनि सांठविण्याची युक्ति डेन्मार्कच्या वाल्देमार पौल्सेन ह्यानें १८९८ सालीं पोलादी तारेवर साधली. पुढें १९२८ सालीं जर्मनींतील फ्रिट्झ फ्लॉइमर ह्यानें तारेऐवजीं कागदाच्या फितीवर लोखंडाची पूड चढविली. आपण जिला कॅसेट म्हणतों, ती डबी फिलिप्स कंपनीच्या लू ओटेन्स ह्या अभियंत्याच्या हाताखालीं तयार झाली आणि १९६३ सालीं बर्लिनच्या रेडिओ-प्रदर्शनांत लोकांपुढें आली. ओटेन्सविषयीं एक गोष्ट सांगतात. यंत्र खिशांत मावलें पाहिजे म्हणून त्यानें आपल्या कोटाच्या खिशांत बसेल असा लांकडाचा ठोकळा करून घेतला आणि त्याच्या मापानें काम करावयास लावलें. पुढें मोटारीचें चाक बदलतांना जॅकखालीं टेकू म्हणून तो ठोकळा गेला, आणि तेथेंच राहिला! हें वाचल्यावर आमच्याकडच्या मेस्त्रींविषयीं माझा आदर वाढला. ओटेन्स २०२१ सालीं, वयाचीं ९४ वर्षें पुरीं करून वारला.

आपल्या देशांत ह्या डबीनें खरी उलथापालथ केली ती १९८० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत. त्यापूर्वीं ध्वनिमुद्रिकेवर यावयाचें तर मोठ्या कंपनीची मर्जी लागे. कॅसेट स्वस्त पडे, लहान जागेंत तिच्या प्रती काढतां येत, आणि म्हणून ज्या बोलींना मुंबईच्या स्टुडिओंत कोणी विचारीत नव्हतें, त्यांचीं गाणीं बाजारांत आलीं. आमची अहिराणी त्यांपैकींच एक. परंतु बाजारांतल्या कॅसेटची मला फारशी चिंता वाटत नाहीं. चित्रपटांतलें गाणें आज मुलांच्या फोनवर हवें तेव्हां मिळतें. काळजी आहे ती घरीं भरलेल्या कॅसेटची. कानबाईच्या रात्रीं आजीनें म्हटलेलीं गाणीं, आखाजीला माहेरीं आलेल्या मुलींनीं झोक्यावर धरलेली गौराईचीं गीतें, भुलाबाईचा फेर, लग्नांतल्या हळदीच्या ओव्या, वडिलांचें एखादें कीर्तन, परमुलखांत नोकरीस गेलेल्या मुलानें पत्राऐवजीं पाठविलेली बोलती कॅसेट, ह्यांची दुसरी प्रत जगांत कोठेंहि नाहीं.

आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी १९५१ सालीं निवर्तल्या. त्यांच्या तोंडून निघालेल्या ओव्या त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि घरचीं माणसें ह्यांनीं टिपून ठेवल्या होत्या, म्हणून १९५२ सालीं आचार्य अत्रे ह्यांच्या प्रस्तावनेसह त्यांचें पुस्तक होऊं शकलें. शब्द वांचले. जात्यावर बसून म्हणतांनाचा श्वास, ओळीच्या शेवटीं स्वर कोठें टेकला, हें कागद सांगूं शकत नाहीं. पुढें पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ ह्यांनीं खेडोपाडीं फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि त्यांतील पुष्कळ प्रत्यक्ष आवाजांत मुद्रित करविल्या. २०१७ पासून त्या पारी नांवाच्या संकेतस्थळावर क्रमाक्रमानें ऐकावयास मिळत आल्या आहेत. परंतु आपल्या माळ्यावरची कॅसेट कोणी विद्वान येऊन नेणार नाहीं. ती आपणच सोडवावयाची आहे.

आतां कामाकडे वळूं. पहिला नियम असा कीं, अनेक वर्षें बंद असलेल्या डेकमध्यें मोलाची कॅसेट प्रथम घालूं नये. कोणतीहि एक टाकाऊ कॅसेट परीक्षेसाठीं घ्यावी. बंद पडलेलें यंत्र फार तर वाजणार नाहीं, परंतु अर्धवट चालणारें यंत्र फीत खातें! दुसरा नियम: कॅसेटच्या पाठीवर दोन टोकांना दोन लहान प्लास्टिकच्या चिपा असतात, त्या मोडून टाकाव्यात. ज्या बाजूचें लेबल आपल्याकडे आहे आणि फितीची उघडी कड खालीं आहे, त्या बाजूची राखण डावीकडची चीप करते. ती मोडली कीं मुद्रणाचें बटण दबतच नाहीं, आणि चुकून आजीच्या गाण्यावर घरांतल्या कुकराच्या शिट्ट्या भरल्या जाण्याचा संभव उरत नाहीं. तिसरा नियम जिवाचा आहे. डेक उघडण्यापूर्वीं प्लग भिंतींतून काढावा. नुसतें बटण बंद करून भागत नाहीं, कारण तारेंत २३० व्होल्ट असतातच. प्लग काढल्यावरहि आंतल्या मोठ्या कंडेन्सरमध्यें कांहीं वेळ भार शिल्लक राहतो. कांहीं मिनिटें थांबावें आणि तिकडे बोट नेऊं नये.

यंत्राचें अंतरंग समजलें कीं निम्मी दुरुस्ती होते. फीत डाव्या चकरीवरून सुटते, प्रथम पुसणाऱ्या हेडवरून आणि मग वाजविणाऱ्या हेडवरून सरकते. त्याच्या उजव्या बाजूस एक गुळगुळीत पोलादी कांडी सारखी फिरत असते आणि तिच्यावर रबराचें एक लहान चाक दाबून बसतें. ह्या दोहोंच्या चिमटींत सांपडून फीत पुढें ओढली जाते. तिची गति ठरविते ती ही कांडी. उजवी चकरी केवळ आलेली फीत गुंडाळून घेते. गति सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर. शाळेंतल्या मुलांना मी हा हिशेब घालीत असें: साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची, म्हणजे १,८०० सेकंद, तर फीत किती लांब? उत्तर सुमारें ८६ मीटर येतें. एवढी फीत ह्या तळहाताएवढ्या डबींत असते, आणि तिची रुंदी चार मिलिमीटरहि नसते. तिच्यावर दोन्ही बाजूंचें मिळून चार पट्ट्यांत ध्वनीचें लेखन असतें.

डेकला वीज दिली, दिवा लागला, आंत मोटार घुमल्याचा बारीक आवाज आला, पण चकरी हलत नाहीं, ही तक्रार सर्वांत अधिक. तिचें कारण शंभरांत नव्वद वेळां तरी रबरी बेल्ट. माझ्या हातून गेलेल्या यंत्रांवरून मी हें म्हणतों. कोणी गणना केली आहे असें नव्हे. मोटारीच्या लहान चाकावरून कांडीच्या जड चाकावर हा बेल्ट चढविलेला असतो. वीस-तीस वर्षांत तो सैल पडतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे त्याचें डांबर होतें. आमच्या खानदेशच्या वैशाखांत, पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर गेला असतां, पत्र्याखालच्या माळ्यावर त्याचें दुसरें काय होणार? असें डांबर झालें असेल तर तें हातानें ओढूं नये. लांकडी काडीनें खरवडावें, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्यें भिजविलेल्या कापसाच्या बोळ्यानें दोन्ही चाकांच्या खोबणी पुनःपुन्हां पुसाव्यात, आणि बोळा पांढरा निघेपर्यंत सोडूं नये. खोबणींत राहिलेला एक काळा कण प्रत्येक फेऱ्याला नव्या बेल्टला धक्का देतो आणि तो धक्का गाण्यांत ऐकूं येतो.

नव्या बेल्टचें माप कसें घ्यावें? जुना बेल्ट हातांत असला तरी तो ताणलेला असतो. त्याच्यावर विश्वास ठेवूं नये. बेल्टच्या मार्गानें दोन्ही चाकांवरून दोरा फिरवावा, त्याची लांबी मोजावी आणि तिच्याहून शेंकडा पांच ते दहा इतकी लहान वाटोळी घ्यावी. फार घट्ट बेल्ट मोटारीचा कणा ओढून धरतो आणि तिचें धारण लौकर झिजतें. बेल्टचा छेद चौकोनी कीं चपटा, हेंहि जुन्यावरून पाहून घ्यावें. येथें एक इशारा देणें जरूर आहे. भाजीच्या जुडीचें रबर, किंवा सायकलच्या ट्यूबचें कापलेलें कडें, ह्यांनीं यंत्र फिरतें खरें; परंतु त्यांची जाडी जागोजागीं वेगळी असते आणि स्वर नाचूं लागतो. पेटीवर एक बोट दाबून धरल्याप्रमाणें स्थिर असावयाचा सूर जर हेलकावे खात असेल, तर आंत सायकलची ट्यूब आहे असें खुशाल समजावें.

दुसरी तक्रार फीत खाण्याची. कांडी आणि रबरी चाक फीत पुढें ढकलीतच राहतात, पण उजवी चकरी ती गुंडाळून घेत नाहीं. मग फीत आंत गुंत्यागुंत्यांनीं सांचते. चकरीला फिरविणारें जें मधलें रबरी चाक असतें, त्याची कड काचेसारखी गुळगुळीत झालेली असते. ती अल्कोहोलनें पुसावी, लगेच कोरडी करावी, आणि अगदीं बारीक पॉलिश-कागदानें हलकेच खरबरीत करावी. एवढ्यानें भागलें नाहीं तर चाकाचें रबर बदलावें. परीक्षेसाठीं टाकाऊ कॅसेट चालूं असतां उजवी चकरी बोटानें किंचित् अडवून सोडावी; ती लगेच पुन्हां फिरूं लागली तर ठीक. फीत गुंतलीच तर कॅसेट ओढून काढूं नये. झांकण उघडून, रबरी चाक हातानें मागें सारून, फीत मोकळी करावी आणि षट्कोनी पेन्सिल चकरींत घालून शांतपणें गुंडाळावी. ह्या कामाला मुलें फार उपयोगी पडतात, कारण त्यांना घाई असली तरी हा खेळ आवडतो.

आतां हेड. लोक म्हणतात, "आवाज बसला आहे." बसलेला नसतो, झांकलेला असतो. सेकंदाला १०,००० आवर्तनांचा स्वर घ्या. फितीवर ४.७६ सेंटीमीटर जागेंत त्याच्या दहा हजार लाटा बसलेल्या असतात, म्हणजे एक लाट ४.७६ मायक्रॉनची. डोक्याचा केस ह्याच्या दसपटीहून जाड असतो. हेड आणि फीत ह्यांच्यामध्यें एका लाटेइतकाच जाड मळ आला, तर तो स्वर पांचशेपटीहून अधिक क्षीण होतो. जाड, खालचे स्वर मात्र तसेच राहतात, कारण त्यांच्या लाटा लांब असतात. आपल्या भाषेंतले स, श, च हे उच्चार ह्या बारीक लाटांवरच उभे आहेत. तेव्हां मळलेल्या हेडवर चाल ऐकूं येते आणि शब्द जातात. अल्कोहोलचा बोळा, हलका हात आणि चांगला उजेड, एवढ्यावर हें काम होतें. पेट्रोल, रॉकेल किंवा अत्तर वापरूं नये. त्याच बोळ्यानें पोलादी कांडीहि पुसावी. तिच्यावर फितीची तपकिरी भुकटी बसलेली असते.

हेड स्वच्छ करूनहि आवाज झांकलेला राहिला, तर हेडचा कल पाहावा. हेडमधली फट फितीशीं बरोबर काटकोनांत असावी लागते. ती रेसभर कलली तरी बारीक स्वर नाहींसे होतात. हेडच्या बाजूला एक लहान स्क्रू असतो, त्याच्याखालीं बहुधा स्प्रिंग असते. त्यानें हा कल फिरतो. स्क्रूवर रंगाचा ठिपका असेल तर त्याची मूळची जागा वहींत आंखून ठेवावी, आणि मग कॅसेट चालूं असतां पेचकसानें अगदीं थोडें, घड्याळाच्या मिनिटकांट्याच्या गतीनें, इकडेतिकडे फिरवीत ऐकावें. एका जागीं शब्द एकदम पुढें येतात. ती जागा. मात्र एक ध्यानांत घ्यावें: घरच्या मुद्रणांत पुष्कळदां मुद्रण करणाऱ्या यंत्राचेंच हेड कललेलें असे. अशा वेळीं आपलें हेड शास्त्राप्रमाणें सरळ असून उपयोग नाहीं. तें त्या कॅसेटप्रमाणें वांकडें करावें लागतें आणि काम झाल्यावर वहींतल्या खुणेवर परत आणावें लागतें. वांकड्याशीं वांकडें वागल्यावांचून खरें ऐकूं येत नाहीं, असा हा प्रकार आहे.

गतीचा प्रश्न ह्याहून सूक्ष्म आहे. मोटारीच्या पाठीवर बहुधा एक बारीक भोक असतें, त्यांतून गति कमीजास्त करण्याचा स्क्रू फिरवितां येतो. गति शेंकडा सहा वाढली कीं काळी एकचें गाणें पांढरी दोनवर जातें. गाणाऱ्याला हें लगेच कळतें. इतरांना फक्त "कांहींतरी चुकतें आहे" एवढें वाटतें. गेल्या उन्हाळ्यांत आमच्या गल्लीजवळच्या एका बाईंनीं आपला डेक आणि त्यांच्या आईच्या कानबाईच्या गाण्यांची एकुलती एक कॅसेट माझ्याकडे आणली. आई जाऊन बरींच वर्षें झालीं होतीं. डेक एका दुकानांत उघडून आलेला होता आणि आंत तेंच सायकलच्या ट्यूबचें कडें होतें. मीं कॅसेट त्यांना परत दिली आणि डेक तेवढा ठेवून घेतला. बेल्ट, मधलें चाक, हेड, सर्व झाल्यावर बाजारांतल्या एका चांगल्या छापील कॅसेटवर गति लावून घेतली आणि मग बाईंना बोलावलें. गाणें स्वच्छ लागलें. त्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, मनी मायना आवाज इतला बारीक नव्हता."

कान मुलीचा, तेव्हां तो खोटा म्हणण्याचा अधिकार मला नव्हता. कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला, त्याच टेपरेकॉर्डरवर, रेडिओसमोर ठेवून भरलेलें एक चित्रपटगीत निघालें. तें गीत फोनवर लावून दोन्हींचे सूर पेटीवर पडताळले. कॅसेटवरचें गीत अर्ध्या सुरानें वर होतें. म्हणजे मुद्रण करणारें यंत्रच त्या दिवसांत सावकाश फिरत होतें. बहुधा सेल उतरलेले असावेत. सावकाश भरलेलें नेहमींच्या गतीनें वाजविलें कीं सूर चढतो. संगणकावर तेवढीच गति उतरविली आणि पुन्हां लावलें. दुसऱ्या ओळीलाच त्या बाईंनीं पदर तोंडाला लावला. "हाई मनी माय शे," एवढेंच म्हणाल्या.

अशा वेळीं डेकचा स्क्रू फिरवूं नये, असें माझें मत आहे. डेक नियमाप्रमाणें ठेवावा आणि एखाद्या कॅसेटची खोड संगणकांत काढावी. नाहींतर प्रत्येक कॅसेटमागें यंत्र बिघडवावें लागेल.

विजेच्या भागाविषयीं थोडक्यांत सांगतों, कारण तेथें हौशी माणसानें फार खोल जाऊं नये. एका बाजूचा आवाज जातो-येतो, खरखर होते, तर बहुधा मुद्रणाचा आणि वादनाचा जो लांब सरकता स्विच आंत असतो त्याच्यावर गंज चढलेला असतो. कॅसेट न घालतां, यंत्र बंद ठेवून, त्यावर संपर्क साफ करणारा फवारा मारून तो वीस-पंचवीस वेळां सरकवावा. सारखी घुमघुम येत असेल, तर वीजपुरवठ्याचा मोठा कंडेन्सर दमला आहे. डोकें फुगलेला कंडेन्सर ओळखावयाला मीटर लागत नाहीं. बदलतांना तितक्याच मायक्रोफॅरडचा, तितक्याच किंवा अधिक व्होल्टचा घ्यावा आणि धन-ऋण टोकें उलटीं लावूं नयेत. डाख देण्याची संवय नसेल तर हें काम जाणत्याकडे द्यावें; परंतु कॅसेट सोबत देऊं नये.

यंत्र दुरुस्त होऊनहि कॅसेट आजारी असूं शकते. फितीच्या मागें तांब्याच्या पट्टीवर नमद्याचा एक लहान तुकडा असतो. तो फितीला हेडवर दाबून धरतो. गोंद सुकून तो गळून पडला कीं आवाज खोल विहिरींतून आल्यासारखा येतो. पांच स्क्रूंची कॅसेट असेल तर उघडून दोन्ही चकऱ्या दुसऱ्या, चांगल्या डबींत बसवाव्यात. फीत तुटली असेल तर दोन्ही टोकें तिरपीं कापून भिडवावीत आणि लेखन नसलेल्या बाजूनें जोडपट्टी लावावी. चकचकीत बाजू कोणती हें फितीच्या जातीप्रमाणें बदलतें, तेव्हां सोपी खूण ही कीं डबींत जी बाजू बाहेर, हेडकडे तोंड करून असते तिला लावूं नये. घरांतली चिकटपट्टी मुळींच वापरूं नये. उन्हाळ्यांत तिचा गोंद पाझरतो आणि शेजारच्या वेढ्यांना धरून बसतो. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती वाजवूं नये, कारण तीच बुरशी हेडवर आणि तेथून पुढच्या कॅसेटवर जाते. अशी कॅसेट वेगळ्या पिशवींत घालून अनुभवी माणसाकडे पाठवावी.

वाजविण्यापूर्वीं कॅसेट एकदां शेवटपर्यंत आणि परत अशी गुंडाळून घ्यावी, म्हणजे वर्षानुवर्षें एकमेकांना चिकटलेले वेढे सुटे होतात. मग डेकच्या मागच्या निर्गमापासून तार संगणकाला जोडावी आणि पहिल्याच वादनांत नक्कल उतरवावी. आधीं ऐकूं, मग उतरवूं, असें म्हणूं नये. जुनी फीत दुसऱ्या वेळीं तेवढें देईलच असा भरंवसा नसतो. नक्कल न दाबलेल्या, वेव्ह नांवाच्या स्वरूपांत, ४८,००० नमुने आणि २४ बिट अशा प्रमाणानें ठेवावी. फोनवरून पाठवावयाची लहान प्रत तीवरून मागाहून करतां येते, पण लहानीची मोठी होत नाहीं. दोन प्रती दोन घरांत असाव्यात.

आणि नांवें लिहावीत. हें सांगतांना मी पुन्हां मास्तर होतों, त्याला इलाज नाहीं. कोण गातें आहे, सोबत टाळ्या कोणाच्या, गांव कोणतें, सण कोणता, साल कोणतें, मधल्या बोलण्यांत कोण कोणाला हांक मारतें, हें सर्व घरांतलें वयस्क माणूस जवळ बसवून, कॅसेट ऐकतां ऐकतां लिहून घ्यावें. अहिराणी शब्दांचा अर्थहि त्याच वेळीं विचारावा. राजवाड्यांच्या दप्तरांतसुद्धां मिति आणि गांव नसलेल्या कागदाची किंमत निम्मी होते; आपल्या कॅसेटवर तर पुष्कळदां केवळ "गाणीं" एवढेंच लिहिलेलें असतें. साठ मिनिटांच्या कॅसेटला ह्या कामीं तीन-चार तास लागतात. ते द्यावेत, आणि लौकर द्यावेत. यंत्राचे बेल्ट अजून मिळतात, हांका ओळखणारीं माणसें मात्र दरसाल कमी होत आहेत.

नक्कल झाल्यावर मूळ कॅसेट टाकूं नये. ती शेवटपर्यंत वाजवून, सम गुंडाळीनें, डबींत उभी ठेवावी. स्पीकरजवळ, कपाटाच्या चुंबकाजवळ किंवा पत्र्याखालीं ठेवूं नये. डेकहि महिन्यांतून एकदां दहा मिनिटें चालवावा. वादनाचें बटण दाबलेलें असतांना भिंतीवरून वीज बंद करण्याची संवय पुष्कळ घरांत असते, ती सोडावी. रबरी चाक कांडीवर तसेंच दाबून राहतें, त्याला खळगा पडतो, आणि पुढच्या खेपेस प्रत्येक फेऱ्याला एक ठोका ऐकूं येतो. प्रथम यंत्राचें बटण उठवावें, कॅसेट बाहेर काढावी, मग वीज बंद करावी.